सेक्रेटरींनी समुद्रात बांधलेलं गाव

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला, एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा सेक्रेटरींकडे आणि मग बराच वेळ सेक्रेटरींच्या बायकोकडे. निकाल आपल्या विरुद्ध जाणार हे सेक्रेटरींनी तेव्हाच ओळखलं.

"सोसायटीचं काम बंद," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत. मीटिंग नाही, नोटीस नाही, टाकीवर चढणं नाही. कुणाच्या भिंतीला ओल आली तरी बघायला जायचं नाही."

"आणि पंप बिघडला तर?"

"तर लोक बादल्या भरतील. तुम्ही रोज थोडा वेळ असं काहीतरी करा, ज्यातून काहीही निष्पन्न होत नाही."

"ते तर मीटिंगमध्ये करतातच," बायको म्हणाली.

इमारतीत त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणत. इतकी वर्षं ते पद त्यांना चिकटलं होतं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर शिल्लक राहिलं होतं. बायकोसुद्धा रागावली की 'सेक्रेटरीसाहेब, जेवायला या' असं म्हणायची आणि मग जेवण गरम असलं तरी वातावरण थंड असायचं. त्यांच्या कारकिर्दीत इमारतीत एकही बाल्कनी बंद झाली नव्हती. जिन्यात कुणाची एक चप्पल दारापासून जरा पुढे आली, तर ते तिला पायाने मागे सारत आणि दाराची घंटा वाजवून तसं कळवतही. अशा माणसाचा रक्तदाब वाढला यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की तो आधी इतरांचा कसा वाढला नाही.

रविवारी मुलगी आली. तिने स्वतःचा जुना टॅबलेट वडिलांपुढे ठेवला. पडद्यावर फिकट निळं पाणी होतं. दुसरं काहीच नव्हतं.

"बिघडलाय का?"

"नाही, बाबा. गेम आहे. गाव बांधायचं. इथे बोट लावा."

सेक्रेटरींनी बोट लावलं. 'टुपुक' असा आवाज झाला आणि पाण्यातून एक छोटंसं लाल घर वर आलं. पुन्हा लावलं, तर घराला दुसरा मजला चढला आणि छप्पर आपसूक वर सरकलं. बाजूला लावलं, तर दोन घरांच्या मध्ये कमान आली. कुठूनसं एक कबूतर येऊन कौलावर बसलं.

"नियम काय आहेत?"

"नाहीत."

"म्हणजे दिलेले नाहीत, की नाहीतच?"

"नाहीतच. माणसंही नाहीत, पैसे नाहीत, वेळेचं बंधन नाही."

"मग हरतात कसं?"

"हरता येत नाही."

"बरं, जिंकतात कसं?"

"जिंकताही येत नाही, बाबा. नुसतं बांधायचं. शांत वाटतं."

सेक्रेटरींना हे पटलं नाही. आराम करायला बसलेल्या माणसाला आपला आराम बरोबर चाललाय की चुकतोय, हे कुणीतरी सांगायला नको? पण डॉक्टरांचा हुकूम होता आणि हुकूम पाळण्यात त्यांची हयात गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, चष्मा पुसला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दातओठ खाऊन आरामाला सुरुवात केली.

दुपारपर्यंत त्यांचं गेमशी भांडण झालं.

त्याचं असं झालं, की त्यांनी घरं गोलाकार बांधायला घेतली होती. मधली जागा वाहनांसाठी मोकळी सोडली होती. हा विचार फार दूरदृष्टीचा होता. पण शेवटचं घर ठेवून गोल पुरा झाल्याबरोबर मधल्या जागेत आपोआप हिरवळ उगवली आणि हिरवळीत एक झाड उभं राहिलं. सेक्रेटरी ताठ झाले. त्यांनी घर काढलं, तशी बाग गेली. घर ठेवलं, तशी बाग परत आली.

"अगं, हे बघ! मी बागेला परवानगी दिलीय का?"

बायको हात पुसत बाहेर आली. "छान आहे की."

"छान? गाड्या कुठे लावणार लोक?"

"कुठले लोक? माणसंच नाहीत म्हणाली ना ती."

"आज नाहीत. उद्या येतील तेव्हा माझ्याच नावाने बोंब मारतील."

मग त्यांच्या लक्षात आलं की गावाला गटार नाही. एवढी घरं, एवढे मजले, छपरावरचं पाणी जाणार कुठे? समुद्रात, असं कुणीही म्हणेल. पण कशातून? या प्रश्नाने ते दिवसभर बेचैन राहिले आणि शेवटी त्यांनी गेम बनवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं. त्यात सांडपाणी, जिन्यांचे कठडे आणि परवानगीशिवाय उगवणाऱ्या बागा असे तीन मुद्दे सविस्तर मांडले होते. उत्तर लगेच आलं. 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. आम्ही तिचा योग्य तो विचार करू.'

सेक्रेटरींच्या वर्मी बसला तो घाव. हे वाक्य त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. वरच्या मजल्यावरच्या गळतीबद्दल रहिवाशांना ते स्वतः वर्षानुवर्षं हेच वाक्य पाठवत आले होते. दुसऱ्या टोकाला उभं राहिल्यावर ते किती बोचतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"बंद करा ते," बायको म्हणाली. "चेहरा बघा कसा झालाय."

"आता नाही. आता गाव पुरं झाल्याशिवाय उठणार नाही."

खरं म्हणजे त्यानंतरचे काही दिवस फार सुखाचे गेले. बायकोने एक घर मागितलं. अगदी पाण्याला लागून हवं आणि मागे एक खिडकी हवी, एवढीच तिची अट. सेक्रेटरींनी ते पिवळ्या रंगात बांधलं. खिडकी गेमच्या लहरीवर होती, म्हणून घर चार वेळा पाडून पाचव्यांदा उभं केलं, तेव्हा कुठे मागे खिडकी आली. बायको टेबलाशी बसून त्या खिडकीकडे बघत राहिली. "इथून नुसतं पाणी दिसत असेल नाही?" ती म्हणाली. त्यांच्या खऱ्या मागच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसत.

एवढ्यावर थांबलं असतं, तर सेक्रेटरी खडखडीत बरे झाले असते.

पण दंतवैद्य समाचाराला आले. तळमजल्यावर पुढे त्यांचा दवाखाना आणि मागे घर होतं. कुठलाही आजार हिरड्यांतून सुरू होतो असं त्यांचं ठाम मत. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी सेक्रेटरींना तोंड उघडायला लावलं, जीभ पाहिली, मान हलवली आणि मग त्यांची नजर टॅबलेटवर गेली. बघता बघता ते पुढे झुकले.

"सेक्रेटरीसाहेब, ही कोपऱ्यातली जागा कुणाला दिलीत?"

या प्रश्नातल्या 'दिलीत'ने घात केला. सेक्रेटरींच्या अंगात गेले कित्येक दिवस झोपलेला पदाधिकारी खडबडून जागा झाला. "अजून कुणालाच नाही," ते म्हणाले. "का?"

"ऊन चांगलं येतंय तिथे."

दंतवैद्यांच्या खऱ्या दवाखान्यात भर दुपारी दिवा लावावा लागे. सेक्रेटरींना ते ठाऊक होतं. त्यांनी कोपऱ्यावर एक पांढरं, बसकं घर बांधून दिलं. त्यावर छान पिवळं ऊन पडलं. दंतवैद्य जिना उतरताना शीळ घालत गेले आणि संध्याकाळच्या आत साऱ्या इमारतीला कळलं, की सेक्रेटरी घरं वाटतायत.

मग रीघ लागली. 'तब्येत कशी आहे?' असं दारात विचारायचं आणि उत्तर यायच्या आत टॅबलेटपाशी पोचायचं. कुणाला गच्ची हवी, कुणाला सासूपासून लांब हवं, तर एकाला सासूच्या जवळ पण मध्ये पाणी हवं. प्रत्येकाकडे सल्लाही होता. कमानी कमी करा, मनोरा वाढवा, कबुतरांचा बंदोबस्त करा. सेक्रेटरी सगळं ऐकून घेत आणि चेहरा गंभीर ठेवत, पण आतून फुलत होते. खऱ्या इमारतीत त्यांना आजवर फक्त 'नाही' म्हणता आलं होतं.

गाण्याच्या बाई सर्वांत शेवटी आल्या. त्या दंतवैद्यांच्या बरोबर वर राहायच्या आणि घरीच गाणं शिकवायच्या. त्यांना उंच घर हवं होतं. "इतकं उंच, सेक्रेटरी, की खालच्या ड्रिलचा आवाज पोचणार नाही. इतकी वर्षं त्या घुर्रघुर्रवर सूर लावतेय मी. गळ्याची वाट लागली." सेक्रेटरींनी शिल्लक जागेवर त्यांना लालभडक मनोरा बांधून दिला. एकावर एक मजले चढवत नेले. बाई प्रत्येक 'टुपुक'ला "अजून एक" म्हणत होत्या.

ती शिल्लक जागा नेमकी दंतवैद्यांच्या शेजारी होती.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य आले ते घंटा न वाजवताच आत आले. पडद्यावर दुपार झाली की मनोऱ्याची लांबलचक सावली त्यांच्या पांढऱ्या घरावर पडत होती.

"अहो, चित्रातली सावली आहे ती," सेक्रेटरी म्हणाले.

"खरी सावली मी जन्मभर सोसली. तक्रार केली का कधी? निदान चित्रात तरी ऊन पडू द्या!"

"मग तुमचं घर थोडं हलवू."

"मी का हलू? मी आधी आलोय. अतिक्रमण त्यांचं आहे."

सेक्रेटरी खाली बाईंकडे गेले. टाकीवर चढायची मनाई आठवून जिनासुद्धा सावकाश उतरले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक मजलासुद्धा उतरणार नाही. सांगा त्यांना." मग अतिक्रमण हा शब्द त्यांच्या कानावर गेला आणि दोन्ही घरांमधलं बोलणं बंद झालं.

इथपर्यंतसुद्धा हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच आठवड्यात बाईंचा दात दुखायला लागला. गाल सुजला. त्यांनी डोक्यावरून रुमाल बांधला, क्लास बंद ठेवले आणि नुसत्या दुधावर राहू लागल्या. खाली दंतवैद्य खुर्ची पुसत रिकामे बसलेले, आणि वर बाई गाल धरून फेऱ्या मारताहेत. त्यांच्या फेऱ्या खाली ऐकू जात होत्या.

"त्यांनी यावं. दार उघडं आहे," दंतवैद्य म्हणाले.

"तुम्हीच वर जा ना," सेक्रेटरी म्हणाले.

"अतिक्रमण करणाऱ्याच्या दारात?"

बाईंनी तर बोलायचीही सोय ठेवली नव्हती. एका गालाने बोलत त्या म्हणाल्या, "मरेन, पण त्या खुर्चीत बसणार नाही."

"गाण्याच्या ताईंना ताप आलाय," बायकोने त्या संध्याकाळी सांगितलं. ती सेक्रेटरींच्या समोर उभी राहिली. "हे गाव तुम्ही कशासाठी बांधलं होतं?"

"आरामासाठी," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"मग आता निस्तरा."

निस्तरायचं कसं, हा प्रश्न होता, पण निस्तरायचंच, हे त्यांनी ठरवलं. तेवढ्यात खजिनदारांना वास लागला. सेक्रेटरी रजेवर गेल्यापासून सोसायटीचा कारभार खजिनदारांकडे होता आणि कारभार मिळाल्यापासून त्यांनी अजून एकही सभा घेतली नव्हती, ही खंत त्यांना खात होती. त्यांनी फलकावर सूचना लावली. विशेष सभा, विषय एकच, 'समुद्रातील गावाबाबत'. सेक्रेटरींना निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. स्वतःच बांधलेल्या गावात निमंत्रित! त्यांनी ती सूचना दोनदा वाचली आणि कोट चढवला.

"फक्त बसायचं आणि ऐकायचं," बायको म्हणाली आणि लक्ष ठेवायला सोबत आली.

पंपाचा विषय असला की सभेला भिंतीवरची पालही हजर राहत नसे. आज लोकांनी घरून खुर्च्या आणल्या होत्या. बाई रुमाल बांधून एका टोकाला आणि दंतवैद्य दुसऱ्या टोकाला बसले होते. खजिनदारांनी टॅबलेट आपल्या दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीला जोडला. सगळं गाव भिंतीभर उभं राहिलं, तशी खोलीभर 'ते बघा आपलं' अशी कुजबुज झाली.

"प्रस्ताव असा," खजिनदार घसा खाकरून म्हणाले, "की लाल मनोऱ्याची उंची कमी करण्यात यावी. सूचक..."

"थांबा, मी दाखवतो," सेक्रेटरी उठू लागले.

"आपण निमंत्रित आहात. मी चालवतो." आणि खजिनदारांनी टॅबलेटवर आपलं जाडजूड बोट टेकवलं. पडद्यावर कसलासा चौकोन आला. 'नक्की?' असं त्यात विचारलं होतं. खजिनदारांनी 'हो' दाबलं.

भिंतीवर फिकट निळं पाणी उरलं.

मग मागून एकजण म्हणाला, "माझं घर?"

"काय दाबलंत तुम्ही?"

"मला वाटलं, प्रस्ताव मंजूर का, असं विचारतंय," खजिनदार म्हणाले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "वर 'नवीन समुद्र' असं काहीतरी लिहिलं होतं. मी म्हटलं, असेल."

बायकोने मुलीला फोन लावून तो सेक्रेटरींच्या कानाशी धरला. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परत नाही येणार, बाबा. सॉरी." आश्चर्य म्हणजे सेक्रेटरींना राग आला नाही. पिवळ्या घरामागची ती खिडकी आता परत कधी येईल, कितव्यांदा येईल, एवढाच विचार मनात आला. बायकोकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

लोक खुर्च्या उचलू लागले.

"खाली ठेवा त्या," सेक्रेटरी म्हणाले. निमंत्रिताचा आवाज नव्हता तो. "सभा संपलेली नाही. गाव पुन्हा बांधायचं. आत्ता, इथेच. प्रत्येकाने आपापलं घर कुठे होतं ते सांगा."

पण गंमत अशी झाली, की कुणालाच आपलं घर धड आठवेना. "माझं त्या बाजूला... केशरी... की निळं होतं?" एकजण म्हणाला. दुसऱ्याला मजले आठवेनात. सेक्रेटरी टॅबलेटवर बोट रोखून ताटकळले.

"खजिनदारांचं सांगतो," दंतवैद्य मागून म्हणाले. "निळं होतं. धक्क्याच्या अगदी टोकाला. आणि पुढे एक पायरी जास्त होती, जी आमच्यापैकी कुणालाही मिळाली नव्हती."

टुपुक.

"त्यांच्या शेजारच्यांची गच्ची मला पाठ आहे," खजिनदार लगेच म्हणाले. "सरळ माझ्या खिडकीत वाकलेली होती!"

टुपुक, टुपुक. मग काय, सगळेच सुटले. ज्याने ज्याच्यावर दात धरला होता, त्याला त्याचं घर विटेविटेने ठाऊक होतं. कमान कुणाची रुंद, कबुतरं कुणाच्या छपरावर जास्त, झाडाची सावली कुणाकडे झुकलेली, हे सगळं न अडखळता बाहेर येत होतं. "वहिनींच्या घराला मागे खिडकी होती," मागच्या रांगेतून आवाज आला. "आम्ही तीनदा मागितली, आम्हाला नाही दिली." सेक्रेटरींनी पिवळं घर ठेवलं. पाडलं. ठेवलं. पाडलं. सगळी सभा श्वास रोखून बघत होती. खिडकी आली तेव्हा पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

शेवटी कोपरा उरला.

"त्यांचं मी सांगते," बाई रुमालाच्या आडून म्हणाल्या. एकेक शब्द त्यांना जड जात होता. "पांढरं. बसकं. दार जरा आतल्या अंगाला. आणि खिडकी... वरून मला रोज दिसायची. दुपारी तिच्यावर..." त्या थांबल्या. "खरंच ऊन येत नव्हतं हो तिथे."

दंतवैद्य उठले. सगळी खोली ओलांडून बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "आ करा," ते म्हणाले.

"आधी मनोरा."

"मनोरा मी सांगतो. लाल, चार मजले, त्यावर टोकदार छप्पर. आता आ करा."

बाईंनी तोंड उघडलं. दंतवैद्यांनी मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे आत्ताच्या आत्ता. चला खाली."

"पण मजला..."

सेक्रेटरींनी एव्हाना मनोरा उभा केला होता आणि सावली पुन्हा पांढऱ्या घरावर येऊन पडली होती. एक मजला कमी केला तर बाईंचा अपमान, न करावा तर दंतवैद्यांचा. त्यांच्या कपाळावर घाम आला. वरचा मजला काढायला त्यांनी बोट नेलं, पण नजर बाईंकडे गेली आणि बोट त्याच्या खालच्यावर पडलं.

तिसरा मजला गेला. वरचा पडला नाही. तो होता तिथेच, हवेत, लाल छपरासकट तरंगत राहिला. आणि मधल्या फटीतून ऊन आत शिरलं ते थेट पांढऱ्या घराच्या खिडकीवर पडलं.

"हे नियमात बसत नाही," खजिनदार म्हणाले. "घराला आधारच नाही. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही कुंडी बाल्कनीबाहेर डोकावू दिली नाहीत कधी."

सेक्रेटरी त्या तरंगत्या घराकडे बघत होते. असलं बांधकाम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई सुजलेल्या गालाने जमेल तेवढं हसत होत्या. दंतवैद्य खिडकीवरच्या त्या पिवळ्या चौकोनापुढे चष्मा काढून उभे होते.

"मंजूर," सेक्रेटरी म्हणाले.

"मंजूर? इतिवृत्तात कारण काय लिहू?"

"ऊन."

दंतवैद्य बाईंच्या कोपराला आधार देत त्यांना खाली घेऊन गेले. खजिनदारांनी खाली मान घालून 'ऊन' लिहिलं. सेक्रेटरींनी चष्मा पुसायला काढला. तो पुसून पुन्हा नाकावर ठेवतात, तर खोलीभर हात वर झालेले. आमचंही उचला. आमचं जरा जास्तच वर. सासूचं असू दे खाली, आमचं मात्र हवेत.

सेक्रेटरींनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाह्या दुमडल्या.

"गर्दी नको," ते म्हणाले. "रांगेने या."

बायको तिची खुर्ची उचलून त्यांच्या अगदी शेजारी येऊन बसली.

"तू रांगेत आहेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "माझ्यानंतर रांग सुरू होते."